कीटो आहार, मनाचे आजार आणि खान्देशचं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांपैकी बरेच जण हल्ली कीटोचं नाव घेऊनच येतात. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला साखर. अलीकडे नैराश्य, बायपोलर (कधी खोल उदासी, कधी बेभान उत्साह) किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचे नातेवाईकही विचारतात. तेल-तूप हवं तेवढं खायची परवानगी म्हणजे कीटो, असा अनेकांचा समज असतो. माझ्या लेखी हा औषधी आहार आहे. तो कशासाठी, किती दिवस आणि आधीच्या कोणत्या गोळ्यांसोबत घ्यायचा, हे ठरल्याशिवाय सुरू करू नये.

कीटो आहार म्हणजे नेमकं काय?

पिठूळ आणि गोड पदार्थ, म्हणजे कर्बोदकं, दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणायची, प्रथिनं पुरेशी ठेवायची आणि उरलेली ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घ्यायची. कर्बोदकं इतकी कमी झाली की दोन-चार दिवसांत यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागतं. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते कमी पडलं तरी मेंदू कीटोनवर बऱ्यापैकी चालतो, आणि राहिलेली गरज भागवण्यापुरतं ग्लुकोज यकृत स्वतः बनवतं. ‘साखर बंद केली तर डोकं चालेल का’ ही भीती म्हणून अनाठायी आहे. रक्तात ०.५ ते ३ मिलीमोलच्या दरम्यान कीटोन असतील तर त्याला आहारातून आलेला कीटोसिस म्हणतात.

दिवसाला एक भाकरी तरी चालेल ना?

हिशोब करून बघा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, बाजरीच्या पिठात ६२च्या आसपास. आपल्याकडची भाकरी काही फुलक्यासारखी नसते. तिला ५०-६० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे एका भाकरीत ३५-४० ग्रॅम कर्बोदकं गेली. दिवसभराचा कोटा तिथेच संपला.

पण प्रत्येकाला कीटोच करायला हवं असं कुठे आहे? दिवसाला चार भाकरी, भात आणि तीन कप गोड चहा घेणारा माणूस एका भाकरीवर आला, चहातली साखर सुटली आणि ताटात भाजी नि प्रथिनं वाढली, तर तो कीटोसिसमध्ये जाणार नाही, पण त्याची साखर आणि वजन दोन्ही उतरायला लागतील. मधुमेहाच्या आणि लठ्ठपणाच्या बहुतेक लोकांना मी आधी हेच करायला सांगते.

‘भाकरबगर पोट भरस का?’ घरातली म्हातारी माणसं हे विचारतात. काय सांगायचं?

भरतं, फक्त ताटाची मांडणी बदलावी लागते. आपल्याकडे भाकरी हे मुख्य अन्न आणि भाजी तोंडी लावायला. कीटोत भाजी आणि प्रथिनं मुख्य होतात. त्यासाठी ॲव्होकॅडो नाही लागत आणि बदामाचं पीठही नाही.

खान्देशात याची निम्मी तयारी घरातच असते. हिवाळ्यातलं भरीत घ्या. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेली वांगी, बडगीत (लाकडी उखळात) ठेचलेली मिरची आणि लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून तेल. पाव किलो वांग्याच्या भरतातून पचणारी कर्बोदकं १० ते १५ ग्रॅमच्या आत राहतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते चवीसाठी, पण कीटोवाल्यांनाही ते वांगं लाभतं. सोबतची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी मात्र सोडावी लागते, आणि खरं दुःख तिथेच आहे. गिलकी, दोडकी, मेथी, पोकळा, अंबाडी, पावसाळ्यातली कटुर्ली, सगळं चालतं. गंगाफळ (लाल भोपळा) आणि बटाटा नको. ठेचा चालतो. अंडी, मटण, चिकन, तापीचे मासे चालतात, फक्त रस्सा घट्ट करायला डाळीचं पीठ लावलं असेल तर ते मोजायचं.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. तीन अंडी, १०० ग्रॅम पनीर, ६० ग्रॅम शेंगदाणे आणि पाव किलो दही एवढ्यात ती जवळपास भागतात आणि कर्बोदकं २० ग्रॅमच्या आसपास राहतात. भाज्यांना जागा उरते. शेंगदाण्याची मात्र एक अडचण आहे. मोजून वाटीत घेतले तर उत्तम, डबा मांडीवर घेऊन बसलात तर हिशोब गेला.

शेवभाजी? पाटोडीचा रस्सा? वरण-बट्टी?

बट्टी गव्हाची, तिचा विचारच नको. शेव, पाटोडी (बेसनाच्या वड्या) आणि डुबुकवडे तिन्हीत बेसन असतं, आणि १०० ग्रॅम बेसनात ५५-६० ग्रॅम कर्बोदकं असतात. एका वाटी शेवभाजीत ५० ग्रॅम शेव धरली तर २० ग्रॅमच्या आसपास झालीच. तर्री तेवढी कीटोची आणि शेव तेवढी नाही, असा हा पदार्थ आहे. बिबड्या आणि कुरडयाही धान्याच्याच.

आणि केळी?

केळीच्या बागांच्या रावेर-यावलच्या माणसाला हे सांगताना जीवावर येतं, पण मध्यम केळ्यात २३ ते २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. कीटोत केळी बसत नाहीत. ज्यांना कीटोची गरजच नाही त्यांनी खुशाल खावीत.

आमच्या घरी वारकऱ्यांची माळ आहे. अंडं-मटण नाही, काही जण कांदा-लसूणही खात नाहीत. जमेल?

जमतं, पण कष्टाने. अडचण चरबीची नसते, प्रथिनांची असते. डाळींवर सगळी भिस्त असते आणि डाळींतच कर्बोदकं जास्त. ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत सुमारे १७ ग्रॅम. मग पनीर, दही, शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि सोयाबीनच्या वड्या एवढ्यावर भागवावं लागतं. ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ब१२ मात्र तपासून घ्या. पूर्ण शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा आधीच कमी असतं, आणि ब१२च्या कमतरतेने उदासी, विसराळूपणा, हातापायाला मुंग्या असं सगळं होऊ शकतं. मनासाठी कीटो करायला आलेल्या माणसाचं ब१२ आणि थायरॉइड आधी बघा, असं मी डॉक्टरांना आवर्जून सुचवते.

आपण एकादशी-चतुर्थी करतोच, मग कीटो वेगळं काय?

निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरच्या उपवासात रक्तात कीटोन वाढतात, हे खरं. पण साबुदाण्याची खिचडी, भगर आणि रताळी खाऊन केलेला उपवास याच्या अगदी उलट्या टोकाचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

मिरगीच्या आजारात हा आहार देतात म्हणे. ते खरं की यूट्यूबवरचं?

खरं, आणि कीटोचा सगळ्यात भक्कम पुरावा इथेच आहे. उपाशी ठेवल्यावर फिट कमी होतात हे फार जुनं निरीक्षण. उपवास कायम चालवता येत नाही, म्हणून उपाशी न ठेवता तीच अवस्था आणणारा आहार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी मांडला. पुढे १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं, गोळी घेणं सोपं होतं, आणि हा आहार मागे पडला. औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीसाठी तो १९९०च्या दशकात पुन्हा पुढे आला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांवरच्या नियंत्रित चाचणीत हा आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. आहार न बदललेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं.

आपल्या देशातलंही काम आहे. दिल्लीच्या एम्समध्ये किशोरवयीन आणि प्रौढ अशा १६० रुग्णांवर सुधारित ॲटकिन्स आहाराची चाचणी झाली. हा कीटोचाच थोडा सैल प्रकार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी आहार आणि औषधं दोन्ही घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, नुसती औषधं घेणाऱ्यांत जेमतेम ३ टक्क्यांच्या.

म्हणजे चौघांत एकाला मोठा फायदा. किमान दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नाहीत, अशांसाठी हे मोठं आहे. पहिल्याच फिटनंतर गोळ्यांऐवजी कीटो, असा त्याचा अर्थ नाही. मुलांचा आहार मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून ग्रॅममध्ये ठरवतात. मूळ पद्धतीत दर ४ ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम इतकं काटेकोर माप असतं. खोकल्याच्या सिरपमधली साखरही त्यात धरावी लागते. आणि हो, फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन करा.

मग नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांतही उपयोग होतो का?

आशा वाटावी असं काही आहे, खात्री द्यावी असं अजून नाही.

आशेला कारण आहे. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मिरगीची औषधं बायपोलरमध्येही चालतात. मग मिरगीत चालणारा आहारही चालेल का, हा प्रश्न स्वाभाविक होता. मेंदूला वेगळं इंधन मिळतं, चेतापेशींची अतिउत्तेजना आणि दाह कमी होतो, असे काही मार्ग संशोधक मांडतात. हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस पामर यांनी हा विषय बराच लोकांपर्यंत नेला. स्टॅनफर्डच्या डॉ. शेबानी सेठी यांच्या गटाने २०२४ मध्ये बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या २१ जणांना चार महिने हा आहार दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन, पोटाचा घेर आणि इन्सुलिनची अवस्था सुधारली, मनाच्या लक्षणांतही बऱ्याच जणांत सुधारणा दिसली.

पण हे २१ जणच होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या. दर आठवड्याला कुणी विचारपूस करतं, वजन उतरतं, झोप सुधारते, याचाही मनावर परिणाम होतो. तो आहाराच्या परिणामापासून वेगळा काढायचा तर तुलनेचा गट असलेल्या मोठ्या चाचण्या लागतात.

आज मला एक फायदा ठोस वाटतो. ओलॅन्झापिन, क्लोझापिन यांसारख्या स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी भूक भडकते, वजन आणि साखर वाढते, आणि त्या कंटाळ्याने रुग्ण औषधच सोडतो. कर्बोदकं कमी करून वजन ताब्यात राहिलं आणि त्यामुळे औषध चालू राहिलं, तर तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे.

बरं वाटलं की गोळ्या बंद केल्या तर?

करू नका. मनाच्या गोळ्या अचानक सोडल्या की आजार उलटतो, आणि तो लगेच नाही तर काही आठवड्यांनीही उलटू शकतो. तोवर माणूस ‘आहारानेच बरा झालो’ म्हणत असतो. कमी करायच्या असतील तर मानसोपचारतज्ज्ञच हळूहळू करतील. व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट (हेही मिरगीचं औषध) घेणाऱ्यांत तर आहार आणि औषध एकमेकांवर परिणाम करतात. टोपिरामेटसोबत मूतखडा आणि रक्तातली आम्लता वाढू शकते.

बायपोलर असेल तर घरच्यांनी पहिल्या काही आठवड्यांत झोपेवर लक्ष ठेवावं. चार तास झोपून माणूस ताजातवाना, बोलणं वाढलेलं, खर्च वाढलेला, हे ‘कीटोने एनर्जी आली’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. खाण्याशी संबंधित मानसिक आजार पूर्वी होऊन गेला असेल तर हा आहार टाळलेला बरा. जीव नकोसा झाला असेल तर आहाराच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीही.

बायपोलरसाठी लिथियमची गोळी चालू आहे. काही वेगळं?

हो, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात तर फारच. कर्बोदकं कमी केली की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकू लागतात. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियम साचतं. त्यात भुसावळ-जळगावची ४५ अंशांची मे महिन्याची दुपार. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं, ही लिथियम वाढल्याची लक्षणं. लगेच रक्त तपासा. लिथियमवाल्याने एप्रिल-मेमध्ये कीटो सुरूच करू नये असं माझं मत आहे. पावसाळ्यात, पातळी वारंवार तपासत, डॉक्टर तयार असतील तर बघावं.

मधुमेहात कीटो चांगलं ना?

टाइप २ मधुमेहात कमी कर्बोदकांच्या आहाराने पहिल्या सहा महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर चांगली उतरते, काहींच्या गोळ्याही कमी होतात. वर्षभराने इतर आहारांच्या तुलनेतला फरक बराच पुसट होतो, बहुधा तोवर माणसं जुन्या ताटावर आलेली असतात म्हणून.

धोका आहाराहून जास्त गोळ्यांत आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्याने भाकरी बंद केली आणि डोस तोच ठेवला तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, अंधारी, बेशुद्धी. म्हणून डोस आधी कमी करायचा, आहार नंतर बदलायचा.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. पेटंट संपल्यापासून डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्त झालं आणि तालुक्याच्या गावातही सर्रास लिहून मिळतं. या गोळ्या आणि कीटो एकत्र आले तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, आणि तो जीवघेणा असतो. आहारातल्या कीटोसिसशी त्याची गल्लत करू नका. इथे फसवं असं की साखर बऱ्याचदा २५०च्या आतच राहते, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून कुणाला शंका येत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप, गळून जाणं यातलं काही झालं तर थेट दवाखान्यात जा आणि गोळीचं नाव सांगा. ही औषधं बऱ्याचदा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसोबत एकाच गोळीत असतात. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव नको, खालची बारीक अक्षरं वाचा किंवा मेडिकलवाल्याला वाचायला सांगा.

ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचंही तसंच. पहिल्या आठवड्यांत दाब उतरतो, उठताना चक्कर येते.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, अंग मोडून येतं. सोडून द्यावं का?

बहुतेकदा मीठ-पाणी कमी पडल्याने होतं. लिंबू-मीठ घातलेलं पाणी, पातळ ताक, मटणाचं किंवा भाजीचं सूप घ्या. उसाचा रस आणि गोड सरबत नको. ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नका. बद्धकोष्ठता झाली तर भाजी वाढवा. पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन-तीन किलो मुख्यतः पाणी असतं, त्याचे फोटो टाकायची घाई नको.

तुपाने कोलेस्टेरॉल वाढणार नाही?

काहींचं वाढतं, काहींचं नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, साधारणपणे कमी होतात. वाईट कोलेस्टेरॉल मात्र काही जणांत, विशेषतः बारीक अंगाच्या माणसांत, बरंच चढतं. सुरू करण्याआधी एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सगळी चरबी तुपातून घेण्यापेक्षा शेंगदाणा तेल, तीळ, शेंगदाणे, मासे यांवर भर द्या. चढलं तर तूप-लोणी-खोबरं कमी करा. तरीही उतरलं नाही तर हा आहार तुमचा नाही.

कोणी अजिबात करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचा वाढलेला आजार, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली माणसं, चरबी पचवण्याचे जन्मजात दोष, पॉर्फिरिया (रक्तातलं हिमोग्लोबिन बनवण्याच्या प्रक्रियेतला दुर्मिळ आजार). टाइप १ मधुमेहात तज्ज्ञांशिवाय नाही. आधीच वजन कमी आणि अंगात रक्त कमी असलेल्यांना तर विषयच नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख वेगळा करते, कारण नंदुरबार, धुळ्याच्या साक्री-शिरपूर आणि जळगावच्या चोपडा-यावल पट्ट्यात तो आढळतो. सिकलसेलमध्ये शरीरातलं पाणी कमी होणं आणि रक्तातली आम्लता वाढणं या दोन्हींनी पेशी विळ्यासारख्या वाकून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि कीटोच्या सुरुवातीला या दोन्हींकडे कल असतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तुमच्या भागात हा आजार असेल तर आधी ती करून घ्या.

कीटोन तपासायच्या पट्ट्या घ्याव्यात?

सुरुवातीला लघवीच्या स्वस्त पट्ट्या पुरतात. काही आठवड्यांनी त्या फिकट दाखवू लागतात, त्याचा अर्थ आहार चुकला असा नाही. रक्ताचं यंत्र अचूक, पण त्याच्या पट्ट्या महाग. मिरगी किंवा मनाच्या आजारासाठी करणाऱ्यांना तो खर्च करावा लागतो, वजनासाठी करणाऱ्यांना गरज नाही.

दुकानात ‘कीटो आटा’, ‘कीटो लाडू’ मिळतात, ते?

मागची बाजू वाचा. खजुराचा लाडू कीटो कसा, हे बनवणाऱ्यालाच विचारावं लागेल.

दारू?

नको. उपाशी पोटी किंवा कीटोत दारू लवकर चढते, साखर एकदम उतरू शकते आणि कीटोन वाढू शकतात. मोहाचीही त्यातच आली.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस-पुरणपोळी आणि श्रावणात कानबाई देवीचे रोट येतात. एक दिवस सोडलं तर?

कशासाठी करताय त्यावर आहे. वजनासाठी असेल तर खा, दुसऱ्या दिवशी परत या. कीटोसिसमध्ये यायला दोन-तीन दिवस लागतील, एवढंच. मधुमेह असेल तर पोळी एक, रस अर्धी वाटी, आणि डोस बदलू नका. पण मिरगीच्या मुलाला एक घासही लाडाने भरवू नका. आहारावर थांबलेली फिट एका जेवणाने परत येऊ शकते. लेकराला घेऊन माहेरी जाताना त्याचा डबा सोबत न्या आणि मामा-मावश्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा.

किती दिवस करायचं? आणि थांबवायचं कसं?

मुलांच्या मिरगीत साधारण दोन वर्षांनी डॉक्टर पुन्हा विचार करतात. वजन-साखरेसाठी तीन महिने करून तपासण्या बघा आणि मग कमी कर्बोदकांच्या साध्या ताटावर या. मनाच्या आजारासाठी ठरलेली मुदत अजून नाही. तीन-चार महिन्यांत झोप, मूड आणि कामातला फरक घरच्यांनाही दिसला नाही, तर ओढत बसू नका.

थांबवताना एकदम चार भाकरींवर येऊ नका. आधी डाळ-उसळ, मग दुपारी अर्धी भाकरी, आठवड्याने एक. एखाद-दोन किलो वजन लगेच वाढेल, ते पाणी आहे. गोळ्यांचा डोस कमी केला असेल तर तो पुन्हा वाढवायचा का, हे भाकरी वाढवण्याच्या आधी डॉक्टरांना विचारा.